जादा ‘वाय’ गुणसूत्र आणि हिंसा

जादा ‘वाय’ गुणसूत्र असलेले पुरुष जन्मतःच हिंसक असतात आणि १९६५ च्या स्कॉटलंडमधील पाहणीने ते सिद्ध केले, असा दावा केला जातो; तो मला मान्य नाही. ती पाहणी कडेकोट बंदोबस्तातील एका मनोरुग्णालयात झाली होती. तिथल्या १९७ पुरुषांपैकी ७ जणांत एक्सवायवाय रचना (म्हणजे नेहमीच्या एका एक्स आणि एका वाय गुणसूत्रासोबत आणखी एक वाय) आढळली. सर्वसामान्य लोकसंख्येत हे प्रमाण हजार पुरुषांमागे सुमारे एक असल्याने आकडा लक्षणीय होता, यात शंका नाही. पण आधीच कोंडून ठेवलेल्या माणसांतून नमुना घेतल्यावर बाहेर शांतपणे जगणारे एक्सवायवाय पुरुष मोजले जाणार तरी कसे?

१९७६ चा डॅनिश अभ्यास मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो. त्यात कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या चार हजारांहून अधिक उंच पुरुषांची गुणसूत्रे तपासली गेली आणि केवळ १२ एक्सवायवाय सापडले. त्यांपैकी ५ जणांना शिक्षा झालेली होती, म्हणजे प्रमाण इतरांपेक्षा जास्तच होते (इथे गुन्ह्यांमागे जैविक कारण मानणाऱ्यांचे म्हणणे नाकारता येत नाही), परंतु ते गुन्हे बहुतांशी मालमत्तेविषयीचे आणि किरकोळ होते, हिंसेचे नव्हेत. शिकागोत आठ परिचारिकांची हत्या करणारा रिचर्ड स्पेक एक्सवायवाय असल्याच्या बातम्या १९६८ मध्ये सर्वत्र पसरल्या. प्रत्यक्षात त्याची गुणसूत्रे सर्वसामान्य निघाली, तरीही ती चूक पुढे पाठ्यपुस्तकांतून मुलांना शिकवली गेली, याचे मला फार वाईट वाटते.