'बचत मोड' म्हणजे बचत मोडायची?

पानवेल

आमच्या वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. लॅपटॉपची बॅटरी कशी पुरवावी यावर एक पानभर मजकूर मराठीत करायला घेतला आणि शीर्षकातच अडकले. मी लिहिलं होतं 'बॅटरी बचत मोड'. पहिल्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "बचत मोड? एफडी मोडतात तशी?" वर्ग हसला, मीही हसले, पण घरी आल्यावर वाटलं की त्यांचं बरोबर आहे. मटकीला येतात ते मोड, वाण्याकडे कधीच नसते ती मोड, आणि 'बचत मोड' असं वाचलं की सरळ आज्ञाच ऐकू येते.

पुढे आणखी घोळ. स्लीपला मी 'झोप' लिहिलं आणि हायबरनेटला 'शीतनिद्रा'. त्यावर एका आजोबांनी विचारलं, "बेडकासारखी? मग उठणार कधी, पहिल्या पावसात?" तर 'पॉवर सेव्हर', 'स्लीप' आणि 'हायबरनेट' यांना काय म्हणावं? इंग्रजी शब्द तसेच ठेवायला माझी ना नाही, बटणांवर तेच असतात. पण समजावून सांगताना मराठी शब्द लागतातच.

खिळा

'झोप' नको. मराठीत यंत्र झोपलं म्हणजे बिघडलं. नेट झोपलंय, सर्व्हर झोपलाय, धंदा झोपलाय. तुमच्या वर्गातल्या कुणी नातवाला फोन करून "लॅपटॉप झोपला" म्हटलं तर तो घाबरून दुकानदाराकडे पाठवेल.

'बचत'वरही माझा आक्षेप आहे. बचत म्हणजे खर्च भागून मागे उरतं ते, पोस्टात टाकतो ते. इथे मागे काही पडत नाही, आहे तेच सावकाश खर्च होतं. याला आपण काटकसर म्हणतो. किंवा हात आखडता घेणं. विंडोज १०मध्ये बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की लॅपटॉप आपणहून हेच करतो: पडद्याचा उजेड उतरवतो, मागे गुपचूप चालणाऱ्या ॲपना आवरतो. दिसायला तर अगदी महिनाअखेर.

जुना कळफलक

शब्दाआधी आत काय होतं ते बघू, म्हणजे शब्द आपोआप सापडेल.

स्लीपमध्ये पडदा, डिस्क, प्रोसेसर सगळं थांबतं, पण रॅमला (चालू काम धरून ठेवणारी संगणकाची तात्पुरती स्मृती) थोडी वीज मिळत राहते. रॅमचा स्वभाव असा की वीज गेली की ती सगळं विसरते. म्हणून ती तेवढी जागी ठेवायची, बाकीच्यांना सुट्टी. झाकण उघडलं की दोन-चार सेकंदांत काम होतं तिथून पुढे सुरू. मात्र बॅटरी थेंबथेंब उतरत राहते.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर एका फायलीत उतरवून घेतात आणि मग वीज जवळपास पूर्ण तोडतात. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर 'हायबरफिल' नावाची काही जीबींची दडलेली फाइल असते ना, ती यासाठी. सुरू व्हायला जरा वेळ लागतो, पण आठवड्याने उघडलं तरी अर्धवट पत्र होतं तसं समोर येतं.

आता गंमत बघा. बेडूक किंवा थंड देशातलं वटवाघूळ शीतनिद्रेत जातं तेव्हा मरत नाही. श्वास मंद, हृदय मंद, साठवलेल्या चरबीवर कसंबसं दिवस काढतं. म्हणजे खऱ्या शीतनिद्रेचं वर्णन संगणकाच्या स्लीपला जास्त लागू पडतं! हायबरनेट झालेला संगणक मंद जगत नसतो, तो बंदच असतो, फक्त आठवण लिहून ठेवलेली असते. तेव्हा 'शीतनिद्रा' हे शब्दशः भाषांतर ठीक आहे, पण मूळ इंग्रजी उपमाच लंगडी आहे आणि आपण तिचं लंगडणंही उचललं.

लॅटिन मुळापर्यंत गेलात तर जरा जमतं. 'हिबेर्ना' म्हणजे रोमन सैन्याचा हिवाळी तळ. थंडीत लढाई थांबवायची, छावणीत बसायचं, हवा उघडली की पुढची चाल. त्या अर्थाने आपल्याकडचा जुळणारा शब्द 'वर्षावास', म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, होईल. पण लॅपटॉपला वर्षावासाला बसवा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

जाता जाता: १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचा मानक काढला. त्यात या अवस्थांना नावं नाहीत, आकडे आहेत. स्लीप म्हणजे एस ३, हायबरनेट म्हणजे एस ४. विंडोज एक्सपीत स्लीपला 'स्टँड बाय' म्हणायचे, ते व्हिस्टापासून 'स्लीप' झालं. म्हणजे इंग्रजीतही एकमत नव्हतं.

मधली आळी

कळफलकांनी सांगितलं ते वाचताना मला आमच्या आजीची चूल आठवली. रात्री जेवणं झाली की ती निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली, फुंकणीने दोन फुंका मारल्या की जाळ तयार, काडीपेटी लागायची नाही. पण दोन दिवस कुणी बघितलं नाही तर निखारा राखेतच विझायचा. स्लीप म्हणजे हुबेहूब हेच आहे. विस्तव राखून ठेवणं.

आणि हायबरनेट म्हणजे वाण्याने रात्री वही लिहून दुकान वाढवणं. ('बंद करणं' म्हणायचं नाही, अशुभ.) गल्ल्यात किती, कुणाकडे किती उधारी, सगळं कागदावर उतरलं की दिवा मालवायचा. डोक्यात काही ठेवायची गरज नाही.

काटकसरीपेक्षा मला पॉवर सेव्हरला 'बारीक करणं' जवळचं वाटतं. गॅस बारीक कर, स्टोव्ह बारीक कर, कंदिलाची वात बारीक कर. वात बारीक केली की उजेड कमी, रॉकेल जास्त वेळ पुरतं. पडद्याच्या उजेडाला तर हा शब्द जसाच्या तसा चालतो.

खिळा

'बारीक' मान्य, काटकसर मागे घेतो. पण नव्या लॅपटॉपांचं काय? त्यांत एस ३ बहुतेक नसतंच. झाकण मिटलं तरी तो आतून अर्धा जागा असतो, वायफाय धरून ठेवतो, मेल उतरवून घेतो. याला मायक्रोसॉफ्टने 'मॉडर्न स्टँडबाय' असं भारदस्त नाव दिलंय. मी एकदा रात्री असा लॅपटॉप मिटून पाठपिशवीत टाकला, सकाळी पिशवी उघडली तर इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी शून्यावर. दुकानातला माणूस म्हणाला, "सर, तो झोपलाच नव्हता."

याला संस्कृतात तयार शब्द आहे. काकचेष्टा, बकध्यान, श्वाननिद्रा! विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांतली तिसरी. चौथं लक्षण 'अल्पाहारी', ते तुमच्या पॉवर सेव्हरला घ्या.

जुना कळफलक

श्वाननिद्रा फारच चपखल. पाहिजे तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि 'ए' असं इंग्रजीत (powercfg /a) टाइप करा, तुमच्या यंत्राला कोणकोणती झोप येते त्याची यादी मिळते. पिशवीत टाकणार असाल तर हायबरनेटच करा. विंडोजच्या पॉवर मेनूत तो पर्याय सहसा लपवलेला असतो, कंट्रोल पॅनेलमधून चालू करावा लागतो.

आणखी एक, हे पानवेल ताईंच्या वर्गात हमखास निघेल. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनही पुरतं बंद नसतं. तुमच्या फायली, ॲप बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेटसारखा लिहून ठेवला जातो. म्हणून "बंद करून चालू केलं तरी बिघाड तसाच" आणि रीस्टार्ट केल्यावर मात्र ठीक. रीस्टार्टमध्ये जुनी वही फाडून नवी घालतात.

मधली आळी

म्हणजे दुकान वाढवलं म्हणतात आणि मागच्या दाराने वही जपतात. वाणीच तो.

पानवेल

कालच्या वर्गात करून बघितलं. शीर्षक ठेवलं 'लॅपटॉप बारीक कसा करावा'. त्यावर काकू म्हणाल्या, आम्हाला कुणी असं पत्रक दिलं नाही. तरी उजेड कमी करायला सांगितल्यावर "बारीक केला" असंच सगळे म्हणाले, कुणाला सांगावं लागलं नाही.

स्लीपला फळ्यावर 'विस्तव राखेखाली' लिहिलं आणि हायबरनेटला 'वही लिहून दिवा मालवला'. वापरायला लांब आहेत, बटणांच्या नावांशेजारी कंसात बसणार नाहीत. पण बेडूकवाल्या आजोबांनी स्वतःहून प्रश्न काढला: "मग गावाला जाताना चुलीत विस्तव ठेवून जायचं नाही, वही लिहून जायचं, असंच ना?" त्यांना हायबरनेट शोधून दिलं. सापडायला दहा मिनिटं गेली, कंट्रोल पॅनेल खरंच फार आत आहे.

झाकण लावण्याला मात्र कुणीही 'बंद करणं' म्हटलं नाही. 'मिटला' म्हणतात, पुस्तक मिटतात तसा. हा शब्द कुणी सुचवला नव्हता, तो त्यांच्याकडे आधीच होता.

खिळा

आणि चार्जर लावण्याला?

पानवेल

"चार्जिंगला लावला." फोनसारखाच. त्यावर चर्चा नाही.