जुना पिकअप, ‘फक्त ऑइल-पाणी’ आणि माझे १ लाख ३० हजार

बाळेकर
काल सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपात एकानं टाकलं: ‘नव्या गाडीच्या हप्त्यात मरू नका. साडेचार लाखात जुना पिकअप घ्या, खर्च फक्त ऑइल-पाणी.’ खाली अंगठेच अंगठे. ते ‘फक्त’ रात्रभर डोक्यात घुमत राहिलं, म्हणून लिहितोय.

मागच्या दिवाळीत २०१८ ची १.७ टनी घेतली, ४ लाख ४० हजारांना. बोलेरो पिकअप, पण नाव कुठलंही घाला. पाच महिन्यांची बिलं समोर आहेत: इंजिन बांधलं ७१,०००, दोन इंजेक्टर २६,०००, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) १३,०००, क्लच ११,५००, रेडिएटर ८,५००. झालं का ऑइल-पाणी?

मीटरवर ९२ हजार किलोमीटर होते, त्यावरच भाळलो. चासीला नवाकोरा काळा रंग. वाटलं, मालकानं जपलीय. पाटे काढताना मिस्त्रीनं खिशातून रुपयाचं नाणं काढून मागच्या बाजूला खरवडलं. रंगाखाली बोटाएवढा जाड वेल्डिंगचा वळ. मग म्हणाला, “पाटे मोजा मालक.” मोजले, तर दोन जास्तीचे. कुणी हौसेनं पाटे वाढवत नाही, जादा माल लादायलाच वाढवतो. कांद्याची गाडी होती ती. किलोमीटर बघू नका, काय वाहिलं ते विचारा. आणि कांद्याची गाडी असेल तर हात लावू नका.

हिशेबनीस
रडगाणं पुरे. नवी घेतली असती तर ८ लाखांच्या कर्जाला महिन्याला १७-१८ हजार हप्ता बसला असता, तोही पाच वर्षं. तुमचं इंजिन आता बांधलंय, ते काय पुढच्या दिवाळीत परत बांधणार आहात? आंधळेपणानं गाडी घ्यायची आणि दोष जुन्या गाड्यांना! माझ्याकडं २०१६ ची आहे, चौथं वर्ष चालू आहे, एक क्लच सोडला तर काही नाही.

मिस्त्रीचा पोरगा
हिशेबनीससाहेब, तुमची चादरीचे गठ्ठे वाहते. चादर आणि कांदा एक आहे का ओ?

बाळेकर, तुम्ही गाडी गरम असताना बघितली ना? विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो, म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगचा त्रास कळत नाही. सकाळी सातला जायचं, बॉनेटला हात लावायचा, गार असेल तरच पुढं बोलायचं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघा. धूर फुका मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. क्लचचं म्हणाल तर तो हायवेवर जळत नाही. मार्केट यार्डाच्या रांगेत हैदराबाद रोडवर अर्ध्या क्लचवर वीतवीत सरकण्यात जळतो.

रेडिएटर मात्र आपल्या गावाचीच देणगी. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओततात, आत खडूसारखा थर बसतो. मे महिन्यात ४२ डिग्रीत गाडी उकळली की हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) जातं. (प्यायच्या पाण्याचीच मारामार तिथं रेडिएटरला चांगलं कुठनं आणायचं म्हणा.)

आणि २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची) घेणाऱ्यांनो, डीपीएफचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा बघा. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत काजळी जळतच नाही, फिल्टर तुंबतो. मग कुणीतरी ‘काढूनच टाकू’ म्हणतो. पीयूसीला काय दाखवणार?

वडाळ्याचा कांदेवाला
सगळं वाचलं. कांद्याची गाडी म्हणजे काय महारोग्याची गाडी आहे का? आम्ही माल देतो म्हणून तुमच्या गाड्या चालतात. पोती जास्त भरायची हौस आम्हाला नाही. भाडं खेपेवर ठरवता, पोत्यावर नाही. मग शेतकरी एका खेपेत ६० भरणारच.

२०२३ च्या फेब्रुवारीत याच सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा २ रुपयांचा चेक मिळाला, विसरलात? हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं कापून. त्याला सांगा, ‘भाऊ, माझे पाटे वाकतात, दोन खेपा कर.’

बाळेकर
त्या २ रुपयांत माझा काय दोष? भाव आम्ही पाडला का? १७०० किलोची गाडी आहे. ५० किलोची ६० पोती म्हणजे तीन टन. धरलं की २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. तो तुम्ही भरता?

वडाळ्याचा कांदेवाला
गेल्या साली एका गाडीवाल्यानं ४० पोत्यांवर ‘बास’ म्हणून माल रानातच सोडला. रात्री पाऊस आला. १८ पोती सडली. त्याचं बिल दाखवू का मी? तुला पाट्यांचं दुःख आहे, मला कांद्याचं.

बाळेकर
अरे-तुरेवर येऊ नका. तुमच्या वासानं केबिनमध्ये बसवत नाही अजून!

हिशेबनीस
धागा पिकअपचा होता ना?

अक्कलकोट रोड
मी २२ वर्षं गाडी चालवतोय, मालक नाही, ड्रायव्हर. दोघंही अर्धंच बोलताय. पोती भरताना मालक म्हणतो, ‘बसव अजून पाच.’ शेतकरी म्हणतो, ‘अजून दहा.’ पाटा तुटल्यावर रस्त्यात जॅक लावतो मी. तुळजापूरच्या घाटात उतरताना ब्रेक धरेनात, तेव्हा तीन टनांचा हिशेब मी केलाय, कागदावर नाही. तुम्ही बिलं मोजा.

मिस्त्रीचा पोरगा
अण्णा बरोबर बोलले. तरी बाळेकर, खरं सांगा, घेताना मिस्त्री का नेला नाही? ५०० रुपये वाचवले ना?

बाळेकर
हो. ३०० मागत होता.

हिशेबनीस
घ्या. ३०० साठी १ लाख ३०. मी काय वेगळं म्हणत होतो? बरं, नाण्याची युक्ती चांगली आहे, एवढं मान्य करतो. उद्या माझीही खरवडून बघतो, सहज.

नवखा_मोहोळ
इथं २०१९ ची एक आहे, ४ लाख ९० म्हणतोय. कर्ज होतं, फिटलं म्हणतोय. चासीला नवा काळा रंग आहे.

मिस्त्रीचा पोरगा
बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (गाडीच्या कागदावरची कर्जाची नोंद काढायचा) हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. रंगाचं वर वाचलंच आहे.

वडाळ्याचा कांदेवाला
बाळेकर, वासाचं बोललात ते लक्षात ठेवलंय. पण माझा नेहमीचा गाडीवाला बंद पडलाय. शुक्रवारी ३४ पोती भरतो, एक जास्त नाही. भाडं पोत्यावर.

बाळेकर
खेपेवर.

वडाळ्याचा कांदेवाला
मग ६०.