व्हिस्कीची जुनी कॉकटेल्स: बारमध्ये नेमकं काय सांगून मागवता? (अनुभव धागा)

पेगासस (धागाकर्ता)
पेग-सोडा-चकलीच्या पुढे गेलेल्यांसाठी हा धागा. काय मागवता, काय बजावता, कुठे माती होते ते प्रमाणासकट लिहा. 'मस्त लागतं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

ओल्ड फॅशन्डपासून सुरुवात करतो. ६० मिली बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) किंवा राय (राय धान्याची व्हिस्की), एक साखरेचा क्यूब, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्या-मुळ्यांचा कडू अर्क) दोन डॅश (डॅश म्हणजे बाटलीचा एक झटका, थेंब नव्हे), चमचाभर पाणी. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली, तीही हीच: दारू, साखर, पाणी, बिटर्स. मी दोनच गोष्टी बजावतो: सोडा नको आणि फळं चेचू नका. संत्र्याची फोड चेचली की सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो. हवी असते ती फक्त साल, तिचं तेल वर उडवण्यापुरती. बर्फ एकच मोठा. चुऱ्यात पाच मिनिटांत पाणी होतं.

खारीबिस्कीट
क्यूबला विरोध! गार व्हिस्कीत तो विरघळत नाही, शेवटचे दोन घोट नुसता पाक. ५ मिली साखरेचा पाक घालायला सांगा, काम फत्ते.

मॅनहॅटन: ६० राय, ३० गोड लाल व्हर्मूथ, दोन डॅश अँगोस्टुरा. बर्फावर अर्धा मिनिट ढवळून गार ग्लासात गाळायचं. शेक केलं तर गढूळ आणि फेसाळ होतं. पण खरा घोळ व्हर्मूथचा. ती शेवटी वाइनच. उघडली की फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी लागते. मी आधी बाटली कुठे आहे ते बघते. दिव्याखाली फळीवर धूळ खात असेल तर मॅनहॅटन रद्द. शिळ्या व्हर्मूथने आंबूस, सपक चव येते आणि लोक बिचाऱ्या व्हिस्कीला नावं ठेवतात. राय नसेल तर बर्बन चालेल, फक्त जरा गोडसर होईल. स्कॉच घातली की तेच रॉब रॉय.

लिंबूटिंबू
व्हिस्की सावर: ६० बर्बन, २५ ताजा लिंबूरस, २० पाक. विचारा: रस ताजा की बाटलीतला मिक्स? मिक्स असेल तर दुसरं काहीतरी घ्या. अमेरिकेतलं पिवळं लेमन आणि आपलं कागदी लिंबू यांची चव वेगळी. कागदीचा रस जरा कडवट, म्हणून इथे २० मिलीवर थांबवा. अंड्याचा पांढरा बलक घालतात का, हेही शाकाहारी मंडळींनी आधीच विचारावं, कारण बऱ्याच मेन्यूंवर ते लिहिलेलं नसतं. घालणारे आधी बर्फाशिवाय शेक करतात, मग बर्फासकट. पहिला शेक टाळला तर बोटभर घट्ट फेसाऐवजी साबणासारखे बुडबुडे येतात.

मिलवॉकीकर
पेगासस, तुमचे दोन्ही नियम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बाद! इथे नुसतं 'ओल्ड फॅशन्ड' म्हटलं की ब्रँडी येते, संत्रं-चेरी चेचून, वर सोडा. 'स्वीट' म्हणजे सेव्हन-अपसारखा गोड सोडा, 'सावर' म्हणजे आंबट, 'प्रेस' म्हणजे गोड आणि साधा निम्मा-निम्मा. व्हिस्की हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. एकदा ब्रँडीवालं पिऊन बघा मात्र.

उंटावरचा शहाणा
न्यू ऑर्लिन्सला गेलात तर सॅझरॅक. ६० राय, क्यूब, पेशोज (हा बिटर्सचाच दुसरा ब्रँड) बिटर्सचे तीन डॅश बर्फावर ढवळून दुसऱ्या गार ग्लासात, ज्याला आतून अ‍ॅब्सिंथ किंवा हर्बसेंट (दोन्ही बडीशेपेच्या चवीच्या दारू) फिरवून उरलेलं ओतून टाकलेलं असतं. तळाशी ते राहिलं तर बडीशेपेखेरीज काही लागत नाही. ग्लासात बर्फ नसतो, तेव्हा 'विसरले' म्हणून परत पाठवू नका. लिंबाची साल वर पिळतात, जुन्या रीतीने आत टाकत नाहीत. गरम झालं की मजा गेली, रेंगाळू नये.

पेगासस
मुंबई-पुण्यात एक भर: कॉकटेलमध्ये ३० मिली व्हिस्की की ६०, हे आधी विचारा. ३० वर सावर केलं तर ते सरबतच. आणि धुरकट पीटवाली स्कॉच सुचवली तर ओल्ड फॅशन्डला नको म्हणा, बिटर्स पार दबतात.