जुन्या पुलाला लागूनच नवा पूल: सुनावणीत नेमकं काय विचारू?

काठावरची:
आमच्या नदीवरच्या दोन पदरी पुलाला समांतर, जेमतेम 30 मीटरवर, नवा पूल बांधायचा प्रस्ताव आलाय. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. मी रोज सकाळी साडेआठला स्कूटरवरून पूल ओलांडते. अर्ध्या किलोमीटरला पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे पूल हवाच हे माझं पहिलं मत.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही पुलावर अडकून पडतो, तरी रांग सुरू होते ती पलीकडच्या चौकातल्या सिग्नलपासून. सिग्नल बंद असतो आणि पोलीस हाताने गाड्या सोडतात, त्या दिवशी मी दहा मिनिटांत पार. मग अडचण पुलाची की चौकाची? आराखड्यात लांबी, गाळे, खांब सगळं आहे, चौकाबद्दल एक ओळ नाही. मला बोलायला तीन मिनिटं मिळतील. काय विचारू?

विहिरींवरचा माणूस:
ताई, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. माझी 31 वर्षं पुलांच्या पायात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका पदरातून वाहतूक न थांबता वाहिली तर तासाला साधारण 1,800 गाड्या जातात. त्याच पदरापुढे सिग्नल आला आणि हिरवा दिवा एक तृतीयांश वेळच मिळाला, की उरतात 600. चौकाच्या तोंडाशी पदर वाढणार नसतील तर मागे दोन पूल असोत की चार, सुटणार तेवढ्याच. एक काम करा. सकाळी चौकाशी उभ्या राहा आणि एका पदरातून 15 मिनिटांत किती गाड्या बाहेर पडतात ते मोजा. कुठल्या कुठे वळतात तेही लिहा.

दुसरं, गाड्या कुठून येतात आणि कुठे जातात याची पाहणी झाली आहे का? नुसती पुलावरची मोजदाद पुरत नाही. बरीचशी वाहनं गावाला वळसा घालून जाऊ शकणारी असतील, तर पूल दोन-तीन किलोमीटर वर किंवा खाली हवा. शेजारी बांधलात तर ती सगळी पुन्हा त्याच चौकात येतील.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. खांबाला अडून पाणी खाली वळतं आणि तळातली वाळू उपसून नेतं. याला आम्ही स्कावर म्हणतो. पूर ओसरताना हाच खड्डा गाळाने परत भरतो, म्हणून उन्हाळ्यात तळ बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. अमेरिकेतल्या स्कोहॅरी क्रीकवरचा पूल 1987 साली पुरात असाच गेला, 10 माणसं गेली. तुमच्याकडे तर खांबांची नवी रांग जुन्या रांगेजवळ उभी राहणार. दोन्ही रांगा पाण्याच्या ओघात एका रेषेत आहेत का, आणि नव्या विहिरी, म्हणजे खांबाखाली नदीच्या तळात उतरवायचे पोकळ पाये, उतरवताना जुन्या पायाजवळची वाळू सरकू नये म्हणून काय करणार, हे जरूर विचारा. विहीर खाली नेताना आतून वाळू उपसावी लागते. उपसा घाईने केला की बाहेरची वाळू कटिंग एजखालून, म्हणजे विहिरीच्या तळाच्या धारदार कडेखालून, आत घुसते. तो आवाज मी ऐकलाय, आजही अंगावर काटा येतो.

रात्रपाळी:
मी रुग्णवाहिका चालवतो. काकांचं सगळं पटतं, पण कृपा करून पूलच नको असं म्हणू नका. जुन्या पुलाचे एक्सपान्शन जॉइंट (उन्हात पूल लांबतो त्यासाठी ठेवलेले सांधे) आणि बेअरिंग (खांबावर पूल ज्यांवर टेकतो त्या बैठका) बदलायला दोन वर्षांपूर्वी तो सहा आठवडे एकेरी केला होता. त्या दिवसांत मागे पेशंट असताना मी पुलावर तासभर उभा राहिलोय. शेजारी दुसरा पूल असता तर एक बंद ठेवून दुसऱ्यावरून गेलो असतो. माझ्यासाठी गर्दीपेक्षा हे मोठं कारण आहे.

विहिरींवरचा माणूस:
रास्त आहे, आणि हे मी लिहायला हवं होतं. पण हे कारण असेल तर ते आराखड्यात तसं लिहावं. गर्दी कमी होईल असं सांगून पूल बांधला आणि चौक तसाच राहिला, तर पाच वर्षांनी लोक तिसरा मागतील.

काठावरची:
तीन दिवस मोजलं. कालचे आकडे देते: साडेआठ ते पावणेनऊ, एका पदरातून 212 गाड्या. काकांच्या हिशोबाने 450 जायला हव्या होत्या, म्हणजे आजचाच पूल निम्म्याहून कमी वापरला जातोय! आणि 212 पैकी 131 उजवीकडे वळल्या. उजवीकडे वळायला स्वतंत्र पदरच नाही, त्यामुळे सरळ जाणारेही त्यांच्यामागे थांबतात.

रात्रपाळीदादा, मी पूल नको म्हणणार नाही. पहिलं मिनिट या आकड्यांना देते. दुसऱ्यात उजव्या वळणाचा पदर आणि जोडरस्ते पुलाच्याच कामात धरा, ते आधी पूर्ण करा, अशी मागणी. तिसरं मिनिट तुमच्या त्या सहा आठवड्यांना आणि नदीच्या तळाला. काका, तळाबद्दल नेमका कुठला कागद मागू?

विहिरींवरचा माणूस:
प्रत्येक खांबाच्या जागी घेतलेल्या बोअरची, म्हणजे खालचे माती-खडकाचे थर बघायला पाडलेल्या भोकाची, नोंद. अहवालाचा सारांश दिला तर घेऊ नका, मूळ नोंद मागा. आणि मोजणीची वही बरोबर ठेवा.