घरात एक कुत्री आहेच, आता हा घाबरट रेस्क्यू आणावा का? तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे बिट्टी आहे, सहा वर्षांची, एकदम बिनधास्त कार्टी. घरी कोणीही आलं की आधी तिची ओळखपरेड, मग आमची. दुसरा कुत्रा आणायचा विषय अधूनमधून निघायचा आणि आपोआप मिटायचा. दोन आठवड्यांपूर्वी शेल्टरमधे जुन्या चादरी द्यायला गेले, फक्त चादरी द्यायला हं, आणि शेवटच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा बघितला, दीडदोन वर्षांचा असेल, भिंतीकडे तोंड करून बसलेला. बाकीचे सगळे जाळीवर उड्या मारतायत, हा वळूनसुद्धा बघत नाही. आठ महिने तिथेच आहे म्हणाले, लोक येतात, त्याची पाठ बघतात आणि पुढे जातात. निघताना मी मागे बघितलं तर पाठ तशीच, फक्त एक कान माझ्याकडे वळलेला. त्या कानाने सगळा घोळ केलाय.

नवरा म्हणतो, दया आली म्हणून आणायचा आणि मग वर्षभर पलंगाखालचं शेपूट बघत बसायचं का. त्याचंही चूक नाही. तर ज्यांच्याकडे आधीपासून एक प्राणी होता आणि मग असा बुजरा आणला त्यांचं पुढे काय झालं? पहिल्याला त्रास झाला का? नुसतं गोड गोड नको, फसलं असेल तर तेही लिहा, तेच जास्त हवंय.

*

आमची धाकटी चार वर्षांपूर्वी आली. पहिले अकरा दिवस वॉशिंग मशीनच्या मागे. खरंच अकरा, मी कॅलेंडरवर खुणा करत होते. जेवण रात्री दोनला, आम्ही सगळे झोपलो की, आणि सू-शी तिथेच. ते ३-३-३ सांगतात ना, तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत रुळतो, तीन महिन्यांत घरचा होतो, ते ठोकताळा म्हणून ठीक आहे, पण आमच्या बाईसाहेबांना हॉलमधे यायलाच तीन महिने लागले आणि घरची व्हायला वर्ष.

पण थोरला नसता तर आम्हाला हे जमलंच नसतं. तिने आधी विश्वास ठेवला तो त्याच्यावर, आमचा नंबर फार नंतर. तो सोफ्यावर उताणा पडलाय, मी त्याचं पोट खाजवतेय, आणि ती दारातून अर्धं तोंड काढून बघतेय की ही बाई ह्याला मारत तर नाहीये. हे रोज. मी काय करायचे तर तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि मोबाइल बघायचे. हाक नाही, हात पुढे नाही, डोळ्यात बघणं तर नाहीच नाही. एक दिवस कोपराला काहीतरी ओलं गार लागलं. नाक! मेसेज अर्धा टाइप केलेला तसाच, मी श्वास रोखून बसलेली आणि समोरची मैत्रीण विचारतेय अगं काय झालं, आहेस का. दोन सेकंद, की परत मशीनमागे. त्या रात्री मी एवढी रडले की नवऱ्याला वाटलं कोणी गेलं की काय.

आजही मिक्सर लावला की ती पळते आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. हे बदलेल असं धरून आणू नका. पाहुण्यांसमोर मिरवायला बिट्टी आहेच तुमच्याकडे.

*

मी एकच गोष्ट सांगतो. दोन पट्टे. भित्रा कुत्रा पुढे ओढत नाही, तो मागे सरतो, आणि जोरात मागे सरला की साधा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, डोक्यावरून शर्टासारखा निघून येतो. आमचा चौथ्या दिवशी असाच गेला, बाजूने स्कूटर गेली आणि माझ्या हातात नुसता हार्नेस. मी मूर्खासारखा नावाने ओरडत मागे धावलो, चार दिवसांत त्याला नाव तरी कुठे कळलं होतं, मागून माणूस धावत येतोय म्हटल्यावर तो आणखी लांब. दोन रात्री बाहेर होता. शेवटी शेल्टरमधली मुलगी म्हणाली की दादा आता हाका बंद करा, पाठलाग बंद करा, जिथे शेवटचा दिसला तिथे त्याची न धुतलेली चादर आणि खाणं ठेवा आणि थोरलीला घेऊन गप्प बसा. पहाटे चारला थोरलीचं शेपूट हलायला लागलं, मला अंधारात काही दिसेना. तोच होता.

आता एक लीश हार्नेसला, एक गळ्यातल्या पट्ट्याला, आणि पट्टाही मार्टिंगेल, म्हणजे ओढ बसली की थोडा आवळतो आणि मान निसटत नाही. बाहेरच्या दाराच्या आत बेबी गेट. कुत्रा आणायच्या आधी हे आणा, गादीबिदी नंतर.

*

आमचं फसलं. लिहू की नको असं झालं होतं, पण तुम्ही विचारलंय म्हणून.

थोरला अकरा वर्षांचा, सांधे दुखायचे, गोळ्या चालू. आम्हाला वाटलं त्याला सोबत होईल. हे वाक्य आता मी कोणाला बोलू देत नाही. त्याला त्याची गादी आणि दुपारची झोप हवी होती, सोबत आम्हाला हवी होती. नवीन पोरगा इतका घाबरलेला की तो थोरल्याला चिकटूनच बसायचा, अंगावर रेलून, आणि ह्याचं कंबरडं आधीच गेलेलं. हा तोंड फिरवायचा, ओठ चाटायचा, जांभया द्यायचा. आम्ही म्हणायचो, झोप आली बाळाला. मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसेपर्यंत तिरकं बघायला लागला, त्याचे आम्ही फोटो काढले. मग गुरगुरला, तर आम्ही त्यालाच ओरडलो, तू मोठा ना, शहाण्यासारखं वाग. दोनतीनदा ओरडल्यावर त्याने गुरगुरणं सोडलं आणि आम्हाला वाटलं, वा, ऐकतो. एका संध्याकाळी काही आवाज न करता त्याने धाकट्याचा कान फाडला. सात टाके. ट्रेनर नंतर म्हणाले, तो इतके दिवस बोलून सांगत होता, तुम्ही त्याचं बोलणंच बंद केलंत.

पाच आठवड्यांनी परत नेऊन दिला. शेल्टरवाले एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पुढे तो दुसरा कुत्रा नसलेल्या घरी गेला असं कळलं. थोरला त्यानंतर दीड वर्ष होता.

म्हणून विचारते ताई, बिट्टी बिनधास्त म्हणजे नक्की कोणाशी? माणसांशी, की तिच्या गादीवर दुसरा कुत्रा येऊन बसला तरी? आणि तिचे सांधे, दात, सगळं एकदा तपासून घ्या, दुखणं असलेल्या कुत्र्यावर हे लादू नका.

*

आमच्याकडे मांजर आधी, कुत्रा नंतर. दांडगटापेक्षा घाबरट कुत्रा मांजरीला परवडतो असं माझं मत झालंय, ती फ्रिजवरून राज्य करते, हा खालून परवानगी मागून जातो. पण घाबरट आहे म्हणून पाठलाग करणार नाही असं समजू नका हां, मांजर पळाली की त्याच्यातला कुत्रा जागा होतो. महिनाभर मधे गेट होतं.

*

"गरीब आहे, भुंकत नाही, काही त्रास नाही" असं सांगून आम्हाला दिला होता. फसवलं नाही कोणी, त्यांना तसाच दिसत होता. पण तो गरीब नव्हता, भीतीने थिजलेला होता. तिसऱ्या आठवड्यात जरा मोकळा झाला आणि मग जे सुरू झालं, बेल वाजली भुंक, टोपीवाला दिसला भुंक, छत्री उघडली भुंक. आणि आमची पहिली, जी जन्मात बेलला भुंकली नव्हती, ती महिन्याभरात त्याच्याकडून शिकली. धीट कुत्र्याकडून भित्रा शिकतो हे सगळे सांगतात, उलटंही होतं ते कोणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे व्हेट. डोक्याकडे हात नेला की दचकायचा, आम्ही धरून चाललो की आधी मार खाल्ला असेल. कानात जुनं इन्फेक्शन निघालं! ते बरं झाल्यावर निम्मी भीती गेली. उरलेल्यासाठी व्हेटनी फ्लुओक्सेटिन, म्हणजे भीती कमी करणारं औषध, सुरू केलं, त्याचा परिणाम दिसायला चारसहा आठवडे लागतात आणि आम्ही दुसऱ्याच आठवड्यात काही उपयोग नाही म्हणून कुरकुरायला लागलो होतो. घरच्यांनी चेष्टा केली, कुत्र्याला कसल्या टेन्शनच्या गोळ्या. पण त्याआधी तो एवढा ताणात असायचा की समोर खाऊ धरला तरी खायचा नाही, मग शिकवणार काय आणि कसं. जेवण अजूनही दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून.

*

मी दर रविवारी शेल्टरमधे झाडलोटीला जाते, भिंतीकडे बसणारे बरेच बघितलेत. तिथे एक विचारा, तो माणसांना भितो की कुत्र्यांनाही? ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. इतर कुत्र्यांबरोबर मोकळा सोडला की शेपूट वर येत असेल, पुढचे पाय वाकवून खेळायला बोलवत असेल, तर बिट्टीसारखी ताई मिळणं ही त्याची लॉटरी आहे. कुत्र्यांनाही भीत असेल तर मीच म्हणेन, नको.

आणि मारलं असेल बिचाऱ्याला, असं सगळेच म्हणतात, पण बऱ्याचदा कोणी मारलेलं नसतं, काही दाखवलेलंच नसतं. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत जे बघतं ते त्याला ओळखीचं वाटतं. त्या दिवसांत जिना, पंखा, मुलं, माणसाचा हात काहीच आलं नाही तर मोठेपणी एकेक शिकवावं लागतं, थोडं राहूनही जातं.

भेट बाहेर घालून द्या, मोकळ्या जागेवर, दारात अजिबात नको. दोघं एकाच दिशेने, मधे दहापंधरा पावलं अंतर, तोंडासमोर तोंड आणायचं नाही. आणि बिट्टीचे लसींचे बूस्टर झालेत ना? पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू कपड्यांना आणि चपलांना लागूनही घरी येतो, तेव्हा तुम्ही आत्ता तिथे जाताय तर घरी आल्यावर चपला बाहेर.

*

आम्ही नाही म्हटलं. मूल नुकतं रांगायला लागलं होतं आणि त्याला जे कोपरे आवडायचे तेच कोपरे त्या कुत्रीला लागले असते. आमचा कुत्रा बंड्या तयार होता, आम्हीही, पण आठ महिन्यांच्या बाळाला मागे हो, तिला त्रास देऊ नको, हे कोण समजावणार. वाईट वाटलं, अजून वाटतं. दर शनिवारी तिला फिरवायला जातो.

*

सगळं दोनदा वाचलं. कान फाडल्याचं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प झाला, मला वाटलं संपलं.

बिट्टीची तपासणी झाली, सांधे ठीक, एक दात काढायचाय तो आधी काढू. मग तिला घेऊन तिकडे गेलो. सांगितलंत तसं, एका दिशेने, लांबून. पहिली वीस मिनिटं तो पोट जमिनीला घासत चालला, बघवत नव्हतं. बिट्टी तिच्या नादात, झुडपं हुंगतेय. मग तिने हुंगलेलं झुडूप त्याने हुंगलं. पुढचंही. एकदा तिने अंग झाडलं तर ह्यानेही झाडलं, अगदी कानापासून शेपटापर्यंत. आमच्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही. एकदा बिट्टीचा पाय त्याच्या लीशमधे अडकला तेव्हा तो थिजला, ती एक हूं करून बाजूला झाली आणि त्याने लगेच तोंड फिरवलं. शेल्टरमधली ताई म्हणाली हे चांगलंय.

अजून दोनदा भेटवू, मग दोन महिने फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, आणायचा असं ठरलंय, बिट्टीला नाही झेपलं तर परत द्यायचा, हे दोघांनी आत्ताच बोलून ठेवलंय. नवऱ्याने काल न सांगता पलंगाखालच्या बॅगा काढून माळ्यावर टाकल्या.

आता सांगा, पलंगाखाली आधीच चादर घालून ठेवू की शेल्टरमधली त्याचीच घाणेरडी चादर मागून आणू? आणि बिट्टी स्वतःच तिथे जाऊन बसली तर?