दिवाळीच्या सुट्टीत बेसालू-ओलोत (कातालोनिया, स्पेन): चार दिवस कसे बसवावेत?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बार्सिलोनाहून जिरोनामार्गे ला गार्रोत्शा भागात चार दिवस जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६८, सपाटीवर कितीही चालतात, पण उतार लागला की गुडघे बोलतात). गाडी घ्यायची नाही. सासूबाई शाकाहारी, अंडं चालतं.

मुक्काम बेसालूत करावा की ओलोतला? ज्वालामुखी आणि बीचचं जंगल एका दिवसात होतं का? पावसाचं काय? खाण्याचे हाल होतील का?

कातळकडा

गाडी नसेल तर मुक्काम ओलोतला. बेसालू सुंदर आहे, पण ते अर्ध्या दिवसाचं गाव. जंगल, ज्वालामुखीच्या तोंडांचे खड्डे, कडे सगळं ओलोतच्या आसपास आहे. ओलोतला रेल्वे नाही, म्हणून बार्सिलोना सांत्सहून जिरोनापर्यंत ट्रेन (वेगवान गाडीला साधारण ४० मिनिटं, साध्या गाडीला सव्वा ते दीड तास) आणि पुढे बस. जिरोनाचं बसस्थानक रेल्वे स्टेशनला लागूनच आहे.

इथे बरेच जण चुकतात. जिरोना-ओलोत बस दोन रस्त्यांनी जातात. एक बान्योलेस, बेसालू, कास्तेलफोलितवरून, दुसरी आन्ग्लेस, आमेरवरून. नुसतं 'ओलोत' वाचून चढलात आणि बस आमेरची निघाली तर बेसालू वाटेत लागणारच नाही. चढताना चालकाला गावाचं नाव सांगून विचारा. रविवारी आणि सणाच्या दिवशी फेऱ्या बऱ्याच कमी असतात. १ नोव्हेंबर हा तिथला सर्व संतांचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर निम्मं बार्सिलोना त्या जंगलात असतं. जंगलाचा दिवस मंगळवार ते गुरुवारमध्ये टाका.

आता जंगल. फाजेदा देन जोर्दा. (बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, झाड, नव्या वाचकांसाठी.) हे झाड एरवी तिथे बरंच उंचावर, थंड डोंगरांत वाढतं. इथे ते ५५०-६५० मीटरवर आहे, कारण खाली क्रोस्कात ज्वालामुखीचा लाव्हा आणि वर सततची दमट हवा. लाव्हा ओल्या, दलदलीच्या जमिनीवरून वाहिला, खालच्या पाण्याची वाफ झाली आणि तिने वरचा थर फुगवला. त्यामुळे जंगलभर टेकाडं आहेत, काही २० मीटरपर्यंत उंच. तिथले लोक त्यांना 'तोसोल' म्हणतात. सगळी टेकाडं सारखी दिसतात, म्हणून वाट सोडली की दिशा हमखास चुकते. खांबांवर मार्गाचा क्रमांक असतो. पुढचा खांब दिसत नसेल तर मागच्या खांबापर्यंत परत या. शरद ऋतूत पानांचा थर पायवाट झाकून टाकतो आणि पानांखाली ओला बसाल्ट असतो. तळाला खाचा असलेले बूट हवेतच. जंगलात ओढा नाही, पाऊस सच्छिद्र दगडातून थेट खाली जातो. माणशी दीड लिटर पाणी सोबत ठेवा.

हा सगळा भाग ज्वालामुखी उद्यानात येतो. त्या उद्यानाचा क्रमांक १ चा मार्ग म्हणजे कान सेर्राच्या वाहनतळापासून जंगल, सांत मिकेल साकोतचं देऊळ, सांता मार्गारिदाचा खड्डा, क्रोस्कात आणि परत कान सेर्रा. साधारण १० किलोमीटर, थांबत गेलात तर पाच तास. नऊ वर्षांच्या मुलीला जमेल. सासूबाईंना जमणार नाही. साकोतच्या चढापेक्षा सांता मार्गारिदाच्या खड्ड्यात उतरणं आणि पुन्हा वर येणं हे गुडघ्यांना जड.

चुनखडी

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत, पण बेसालूला अर्ध्या दिवसात गुंडाळणं म्हणजे पंगतीला बसून मसालेभात न खाताच उठणं. सहलीच्या बसगाड्या साधारण ११ ते ४ या वेळात येतात. तो गाव खरा दिसतो सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी. निदान एक रात्र तिथे काढा, बसच्या वाटेवरच आहे.

पूल आधी पलीकडच्या तीरावरून बघा. १०५ मीटर लांब, सात कमानी आणि मध्येच कोनात वळलेला. हे वळण शोभेसाठी नाही. बांधणाऱ्यांनी फ्लुव्या नदीच्या पात्रात जिथे घट्ट खडक मिळाला तिथे खांब रोवले, आणि खडक काही सरळ रेषेत नव्हते. १९३९ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी पुलाचा काही भाग सुरुंगाने उडवला गेला. आज दिसतो तो नंतर दुरुस्त केलेला. दगडाच्या रंगातला फरक शोधायला मुलीला सांगा, अर्धा तास सहज जातो.

ज्यू वस्तीतलं स्नानगृह (मिक्वे) १९६४ मध्ये विहीर खणताना सापडलं. बारवेत उतरावं तसं दगडी पायऱ्यांनी खाली जायचं, वर कमानीचं छत. ते उघडं नसतं. पर्यटन कार्यालयातून मार्गदर्शकासोबतच जाता येतं आणि एका वेळी मोजकीच माणसं घेतात. म्हणून गावात शिरल्यावर पहिलं काम तिकीट, मग कॉफी. पायऱ्यांमुळे सासूबाईंनी ते वगळलेलं बरं. त्यांनी तेवढ्यात सांत पेरेच्या चौकात बसावं. मठाची स्थापना ९७७ सालची. तो मोकळा चौक म्हणजे एकेकाळची भिक्षूंची दफनभूमी. चर्च उघडं मिळालं तर गाभाऱ्यामागचा अर्धगोल प्रदक्षिणामार्ग चुकवू नका, त्या भागात अशी रचना विरळ. एवढ्याशा गावात एवढं बांधकाम कसं, असं वाटेल. ११११ पर्यंत बेसालू स्वतंत्र काउंटशाहीची राजधानी होतं. काउंटला वारस उरला नाही आणि सगळं बार्सिलोनाकडे गेलं.

खडीसाखर

दोघांचेही आभार. मग एक रात्र बेसालू, दोन ओलोत असं धरते. सासूबाईंसाठी ज्वालामुखीतलं काहीतरी हवंच हो. मैत्रिणींना सांगायचंय त्यांना.

कातळकडा

दोन गोष्टी करा. ओलोत शहरातच चार ज्वालामुखी आहेत. त्यातल्या मोन्तसाकोपावर रुंद वाटेने वीसेक मिनिटांत माथा येतो. वर देऊळ, दोन जुने बुरूज आणि गवताळ खड्डा. उतरतानाही त्याच वाटेने सावकाश यायचं, घाई नाही.

दुसरं म्हणजे क्रोस्कातचा कापलेला भाग. टॅक्सीने सांता मार्गारिदाच्या वाहनतळावर जा, तिथून वाट बऱ्यापैकी सपाट आहे. क्रोस्कात साधारण १६० मीटर उंच, इबेरियन द्वीपकल्पातला सर्वात उंच ज्वालामुखी शंकू. वर्षानुवर्षं बांधकामासाठी त्याचे खडे खणून नेले, पोळी कापावी तशी एक फाक गेली. नंतर खाण बंद झाली आणि ती जखमच आता पाहण्यासारखी झाली आहे. शंभरेक मीटर उंचीच्या भिंतीत काळे-लाल थर सरळ दिसतात. लाल म्हणजे गरम असताना हवा लागून गंजलेलं लोह. शंकूवर चढायला बंदी आहे आणि खडे उचलायलाही. पोरं खिसे भरतात, आधीच सांगून ठेवा.

सांता मार्गारिदाबद्दल एक अपेक्षाभंग आधीच करून टाकतो. आत धूर, काळा खडक असलं काही नाही. दोनेक किलोमीटर घेराचं हिरवं कुरण आणि मधोमध एक लहान देऊळ. आधीचं देऊळ १४२८ च्या भूकंपात पडलं. त्याच काळातल्या धक्क्यांनी ओलोतही जमीनदोस्त झालं होतं, म्हणून ओलोतमध्ये बेसालूसारख्या मध्ययुगीन गल्ल्या शोधत फिरू नका. तिथे बघायचे ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नक्षीदार वाडे, ज्वालामुखींची माहिती देणारं 'एस्पाय क्राते' केंद्र आणि संतांच्या मूर्तींचं संग्रहालय. १८८० पासून ओलोतच्या कारखान्यांतून चर्चसाठीच्या मूर्ती जगभर जातात. आपल्याकडे पेण, तिकडे ओलोत.

बसाल्टप्रेमी

कास्तेलफोलित दे ला रोका कुणीच नीट सांगितलं नाही! ५० मीटरहून उंच, जवळजवळ किलोमीटरभर लांब बसाल्टचा कडा आणि त्याच्या अगदी टोकाला घरं. दोन लाव्हा एकावर एक आहेत, खालचा २ लाख १७ हजार वर्षांपूर्वीचा, वरचा १ लाख ९२ हजार. तुलनेसाठी, अंधेरीची गिल्बर्ट हिल सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांची. म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे हा कडा कालचं पोर. पण खांब तसेच. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे वरून आणि खालून आत सरकतात आणि षटकोनी खांब सुटतात. पुढे फ्लुव्या आणि तोरोनेल नद्यांनी दोन्ही बाजूंनी कडा कोरला.

सगळ्यांची चूक एकच. गावाच्या टोकावर जुन्या चर्चजवळ जातात, खाली बघतात, फोटो काढतात आणि परत. कड्यावर उभं राहून कडा कसा दिसणार? नदीकडे उतरणारी पायवाट घ्या, पादचारी पूल ओलांडा आणि मागे वळा. उतरायला पंधरा-वीस मिनिटं, चढायला थोडं जास्त. ओलं असेल तर दगडी वाट निसरडी होते. सासूबाईंना टॅक्सीने रस्त्यावरच्या खालच्या बाजूला उतरवलं तर त्यांनाही कडा दिसेल.

शेजारचं सांत जोआन लेस फोन्त्सही घ्या. तिथल्या छोट्या फेरीत बोस्कारोची जुनी दगडखाण आणि मोली फोन्दोचा बंधारा लागतो. बंधाऱ्यापाशी एकावर एक तीन लाव्हे दिसतात. दीड-दोन तास पुरे, आणि पाटीवरच्या चित्राऐवजी खरा छेद समोर.

सायकलराणी

एखादा दिवस मोकळा राहिला तर: ओलोत-जिरोना जुन्या छोट्या रेल्वेचा (१९११ ते १९६९) मार्ग आता सायकलवाट आहे, सुमारे ५४ किलोमीटर. दिशा ओलोतकडून जिरोनाकडेच ठेवा. आधी बासच्या खिंडीपर्यंत साधारण ६२० मीटरवर चढ, मग बहुतेक उतार. पृष्ठभाग दाबलेल्या मातीचा, पातळ टायरची सायकल घेऊ नका. सायकल एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची असेल तर आधी ठरवूनच घ्यावी लागते. नऊ वर्षांच्या मुलीला ५४ जास्त होईल, आमेरला थांबून बस पकडा.

तिरफळ

खाण्याचं. 'शाकाहारी' म्हटलं की ताटात ट्यूना किंवा हॅम येऊ शकतं, कारण त्यांच्या हिशेबात ते 'मांस' नाही. म्हणून वाक्य पूर्ण म्हणा: "नो मेंजा कार्न, नी पेश, नी पर्नील" (मांस, मासा, हॅम खात नाहीत).

सांता पाउ गावचे पांढरे फेसोल (घेवड्याचे दाणे), आपल्या राजम्यापेक्षा लहान, पातळ सालीचे, नक्की मागवा. पण बरेचदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून तेलावर केलेले विचारा. 'ओलोतचे बटाटे' नावाला फसू नका, आत खिमा असतो. 'कोका दे यार्दोन्स' ही गोड पोळी दिसते निरागस, पण त्यात चरबीचे तुकडे. चालण्यासारखं: एस्कालिवादा (भाजलेली वांगी-मिरची, वर तेल, भरताची चुलतबहीण, पण वर मासा ठेवलेला नाही ना बघा), टोमॅटो चोळलेला पाव, अंड्याचं ऑम्लेट, भाजलेल्या चेस्टनट. त्याच आठवड्यात पानेयेत्स मिळतात, बदाम-साखरेचे लाडूच, वर पाइन नट. दिवाळीच्या फराळाची उणीव भासणार नाही.

जंगलातच ला फाजेदा ही दही बनवणारी सहकारी संस्था आहे, १९८२ पासूनची, मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना काम देणारी. कारखाना बघता येतो, शेवटी चव घ्यायला मिळते. आधी नोंदणी करा. जेवणाची वेळ दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. मुलीसाठी सहा वाजताचं काहीतरी पिशवीत ठेवा, त्या वेळी स्वयंपाकघरं बंद असतात.

खडीसाखर

हे प्रिंट काढून नेणार. पावसाचं राहिलं?

कातळकडा

तिथली म्हणच आहे, ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नाही. रिमझिमीत जंगल उलट छान दिसतं, पण जोराचा वारा असेल तर जाऊ नका, फांद्या पडतात. धो-धो पडला तर त्या दिवशी संग्रहालयं आणि बेसालू. सोमवार मात्र संग्रहालयांवर टाकू नका, बरीच बंद असतात. सोमवारी ओलोतचा आठवडी बाजार असतो, तो बघा.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, झाडांखाली पाचलाच काळोख. क्रमांक १ वर निघायचं असेल तर कान सेर्राहून सकाळी साडेनऊच्या आत पाऊल टाका. कान सेर्रा ओलोतहून सांता पाउच्या रस्त्यावर ४ किलोमीटरवर आहे. परतीच्या टॅक्सीची वेळ सकाळीच त्याच चालकाशी ठरवून ठेवा.