सिग्नल पोहोचले, तरी माणसे इंटरनेटबाहेर का राहतात?

जिज्ञासू: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेट वापरत नव्हते, शहरी भागात ८३ टक्के लोक ऑनलाइन होते, तर ग्रामीण भागात ४८ टक्केच. जिथे टॉवर नाहीत तिथलीच ही माणसे असावीत, असा माझा समज होता. परंतु त्यांतील बहुसंख्य लोक मोबाइल ब्रॉडबँडच्या टप्प्यातच राहतात, असे वाचले. मग सार्वजनिक निधी जाळे वाढवण्यावर खर्च करावा, की वापर वाढवण्यावर?

सायंवर्ग: आपण वाचलेत ते खरे आहे. मी प्रौढांना फोन वापरायला शिकवते. मध्यंतरी एक बाई ऑनलाइन अर्ज भरत भरत शेवटच्या पानापर्यंत आल्या, पण ओटीपी ज्या क्रमांकावर गेला तो फोन पतीच्या खिशात होता आणि पती कामावर. मुदत संपली आणि तासाभराची मेहनत पुसली गेली. मोजणीत मात्र ते घर ‘जोडलेले’ आहे! अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च २०२५ पर्यंत दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांखाली यावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये ठेवले होते. उद्दिष्ट चांगलेच आहे, पण सरासरीवर मोजलेले परवडणे गरिबाच्या घरात खरे ठरत नाही, आणि हँडसेटची किंमत त्यात धरलेलीच नाही. म्हणून माझे मत वापराच्या बाजूने.

फायबरवाला: ताईंचा अनुभव मला पटतो, तरीही ‘जाळे पोहोचले’ हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. टॉवरपर्यंत फायबर केबल नसेल आणि सगळा भार एका मायक्रोवेव्ह (बिनतारी) दुव्यावर असेल, तर संध्याकाळी फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. फायबर टाकण्यात मोठा खर्च तारेचा नसतो, खोदकामाचा असतो. रस्ता बांधतानाच रिकामे डक्ट (केबलसाठीच्या नळ्या) पुरून ठेवले तर पुढे तोच रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही. पर्यायी मार्गही हवा. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपराष्ट्राला जगाशी जोडणारी एकमेव समुद्री केबल तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत व्हायला सुमारे ५ आठवडे लागले. खालच्या कक्षेतील उपग्रह दुर्गम भागांत उपयोगी पडतात, पण त्यांच्या अँटेनाची किंमत पुन्हा परवडण्याच्याच प्रश्नाशी आणून सोडते.

जिज्ञासू: दोघांचेही आभार. निधी मर्यादित असेल, तर कंत्राटात निदान कोणती अट असावी?

सायंवर्ग: पैसे टॉवरच्या संख्येवर देऊ नयेत. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मिळणारा वेग मोजावा, आणि स्वतःच्या फोनवरून इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रियांची गणना वेगळी करावी. शेवटचा हप्ता त्या दोन आकड्यांवर द्यावा.